स्क्रीनचे सौंदर्य मोजायचे कसे? एका पतसंस्थेच्या ॲपच्या उदाहरणासह सविस्तर कार्यपद्धती

नव्या स्क्रीनचे दोन-तीन आराखडे समोर आले की बैठकीत मते फुटतात. कोणाला ठसठशीत रंग हवे असतात, कोणाला मोकळी जागा हवी असते, आणि अखेरीस ज्याच्या हाती मंजुरीचा अधिकार असतो त्याची आवड हजारो वापरकर्त्यांच्या गळी उतरते. हा प्रकार टाळायचा असेल तर सौंदर्याचे मोजमाप करावे लागते आणि ते करता येते, मात्र त्यासाठी एक गोष्ट आधीच मान्य करावी लागते. सौंदर्याचा आकडा स्क्रीनच्या अंगी दडलेला नसतो. ठरावीक लोकांनी, ठरावीक परिस्थितीत, ठरावीक पर्यायांची तुलना करून दिलेल्या निवाड्याचा तो आकडा असतो. संगणक चित्रावरून जे आकडे काढतो, त्यांचा उपयोग या निवाड्यामागचे कारण शोधण्यासाठी करायचा असतो. निवाडा देण्याचे काम मात्र माणसांकडेच ठेवावे.

हे विवेचन हवेत राहू नये म्हणून एक उदाहरण शेवटपर्यंत बरोबर ठेवू. समजा, एका सहकारी पतसंस्थेला आपल्या मराठी मोबाइल ॲपची पहिली स्क्रीन नव्याने करायची आहे. तिच्यावर सभासदाच्या बचत खात्यातील शिल्लक, कर्जाच्या पुढील हप्त्याची तारीख, मुदत ठेवींची यादी आणि पैसे पाठवण्याचे बटण एवढा मजकूर आहे. डिझायनरने क, ख आणि ग असे तीन आराखडे दिले आहेत. या उदाहरणातले आकडे पद्धत समजावी म्हणून घेतलेले आहेत.

या प्रयत्नांना मोठा इतिहास आहे आणि त्यातील दोन टोके माहीत असली की पुढच्या पायऱ्यांचा हेतू कळतो. जर्मनीतील गुस्ताव फेख्नर यांनी १८७६ मध्ये लोकांपुढे वेगवेगळ्या प्रमाणांचे दहा आयत ठेवून त्यांतला सर्वांत सुखद कोणता हे विचारले. म्हणजे त्यांनी थेट माणसांच्या पसंतीवर भिस्त ठेवली. अमेरिकी गणिती जॉर्ज डेव्हिड बर्कहॉफ यांनी १९३३ मध्ये उलटा मार्ग धरला. वस्तूतील सुव्यवस्थेला तिच्या गुंतागुंतीने भागले की सौंदर्य मिळते, असे सूत्र त्यांनी मांडले आणि ९० बहुभुजाकृतींना त्यानुसार गुण दिले, तेव्हा चौरस पहिला आला. हे सूत्र आजही मोहक वाटते, पण सर्वांत साधी आकृती सर्वांत सुंदर ठरवणारे माप स्क्रीनला जसेच्या तसे लावले तर कोरी स्क्रीनच जिंकेल. म्हणून दोन्ही मार्ग एकत्र वापरावे लागतात.

पहिली पायरी: नेमके काय मोजायचे ते ठरवा

‘ही स्क्रीन सुंदर आहे का?’ हा प्रश्न मोजमापासाठी फार ढोबळ आहे. इस्राएलमधील तालिया लावी आणि नोआम ट्रॅक्टिन्स्की यांनी २००४ मध्ये संकेतस्थळांच्या सौंदर्याचे दोन पदर वेगळे करून दाखवले. एक अभिजात, ज्यात नीटनेटकेपणा, स्पष्टता आणि सममिती येते. दुसरा अभिव्यक्तीचा, ज्यात नावीन्य, कल्पकता आणि वेधकता येते. पुढे २०१० मध्ये मोर्टेन मोशागेन आणि माइनाल्ड थिल्श या जर्मन संशोधकांनी व्हिसावी नावाची १८ विधानांची प्रश्नावली तयार केली. तिच्यात चार अंगे आहेत: साधेपणा, वैविध्य, रंगसंगती आणि कारागिरी. कारागिरी म्हणजे काम आजच्या काळाला साजेसे आणि निगुतीने केलेले वाटणे. ही चौथी बाजू बहुतेक चर्चांमधून निसटते. माझ्या मते पैशांशी संबंधित ॲपमध्ये तिलाच सर्वाधिक वजन द्यायला हवे, कारण ओबडधोबड दिसणाऱ्या ॲपवर आपली ठेव सुरक्षित आहे असे सभासदाला वाटत नाही.

तेव्हा आपल्या पतसंस्थेने आधीच लिहून ठेवावे: आम्हाला साधेपणा आणि कारागिरी यांत सर्वाधिक गुण मिळवणारा आराखडा हवा आहे, रंगसंगती किमान खटकू नये, आणि वैविध्य कमी असले तरी चालेल. हे निकाल हाती येण्यापूर्वी लिहून त्यावर तारीख टाकणे आवश्यक आहे. निकाल पाहून निकष ठरवले की प्रत्येकाला आपल्या आवडीचा आराखडा जिंकवता येतो.

सोय आणि सौंदर्य यांचा गोंधळही येथेच सोडवावा. मासाआकी कुरोसू आणि काओरी काशिमुरा यांनी १९९५ मध्ये जपानमध्ये एटीएमच्या स्क्रीनच्या २६ मांडण्या २५२ लोकांना दाखवल्या. जी मांडणी सुंदर वाटली तीच वापरायला सोपी असेल असेही लोकांनी गृहीत धरल्याचे त्यांना आढळले. जपानी लोकांच्या सौंदर्यदृष्टीमुळे असे घडले असावे आणि इस्राएलमध्ये हा संबंध क्षीण असेल, अशी ट्रॅक्टिन्स्की यांची अपेक्षा होती. १९९७ मध्ये त्यांनी तोच प्रयोग तेथे केला तेव्हा संबंध उलट अधिक घट्ट निघाला. यातून आपल्यासाठी एक नियम निघतो: ‘वापरायला सोपे वाटते का?’ या प्रश्नाच्या उत्तरावरून सोय ठरवू नये. हप्ता भरायला किती सेकंद लागले आणि किती जण अडखळले, हे वेगळ्या चाचणीत प्रत्यक्ष पाहावे.

दुसरी पायरी: तुलनेला योग्य असे नमुने तयार करा

मोजमाप फसते ते बहुधा याच पायरीवर. तिन्ही आराखड्यांत मजकूर अक्षरशः एकच हवा. एकात शिल्लक ‘₹ १,२५,०००’ आणि दुसऱ्यात ‘₹ ३,४२०’ असेल, तर श्रीमंत खात्याची स्क्रीन लोकांना अधिक सुखद वाटू शकते. तीच गोष्ट छायाचित्रांची: एका आराखड्यात हसऱ्या कुटुंबाचे चित्र आणि दुसऱ्यात काहीच नाही, अशी तुलना केली तर गुण त्या चित्राला मिळतात. मोबाइलचा आकार, स्क्रीनची प्रखरता आणि फोनची चौकट दाखवायची की नाही, हेही सर्वांसाठी सारखे ठेवावे.

मजकूर खरा आणि मराठीच असावा, हे मी आग्रहाने सांगतो. बरेच आराखडे इंग्रजी किंवा निरर्थक मजकुरावर बेतले जातात आणि मराठी शेवटी ओतली जाते. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार येतात, खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय येतात. रोमन लिपीसाठी पुरेसे असलेले ओळींमधले अंतर येथे अपुरे पडते आणि ‘मुदतपूर्ती’ या शब्दाच्या खालच्या ओळीत ‘कर्जे’ आला तर वरचा ऊकार खालच्या रफारावर टेकतो. ‘पुढील हप्त्याची देय तारीख’ हे शब्द इंग्रजीच्या मापाने केलेल्या चौकटीत मावत नाहीत, म्हणून अक्षरे लहान केली जातात आणि संपूर्ण मांडणीचा तोल जातो. शिवाय मजकुराची भाषा मराठी म्हणून नोंदवली नसेल, तर ल आणि श यांची हिंदी वळणाची रूपे येऊ शकतात. मराठी वाचक पाकळीचा ल आणि देठाचा श पाहत वाढलेला असतो. काहीतरी परके आहे एवढेच त्याला जाणवते, कारण सांगता येत नाही, पण कारागिरीचे गुण मात्र घटतात. हे दोष एका आराखड्यात असतील आणि दुसऱ्यात नसतील तर तुमची तुलना मांडणीची राहिली नाही, फॉन्टची झाली.

तिसरी पायरी: चित्रावरून काढायचे आकडे

आता प्रत्येक आराखड्याचे एकाच आकाराचे चित्र जतन करून काही आकडे काढावेत. डेव्हिड एन्गो आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये तोल, सममिती, क्रम, एकसंधता, घनता, लय अशी १४ मापे सूत्रबद्ध केली. फिनलंडच्या आल्टो विद्यापीठातील गटाने २०१८ मध्ये ‘आल्टो इंटरफेस मेट्रिक्स’ ही सेवा मांडली, तिच्यात स्क्रीनचे चित्र दिले की अनेक मापे एकदम निघतात. सर्व मापांच्या मागे लागण्याचे कारण नाही. मी चार मापे पुरेशी मानतो: तोल, गुंतागुंत, रंगीतपणा आणि अक्षरांचा उठाव.

तोल एकदा हाताने काढून पाहावा, म्हणजे त्याची ताकद आणि मर्यादा दोन्ही कळतात. समजा क आराखड्याची रुंदी ३६० एकके आहे, म्हणजे मध्यरेषा १८० वर आली. डावीकडे शिल्लक दाखवणारी चौकट १५० रुंद आणि १२० उंच, म्हणजे तिचे क्षेत्रफळ १८,०००. तिचा मध्य मध्यरेषेपासून ८५ एककांवर आहे. दोन्हींचा गुणाकार १५,३०,००० झाला, हे डाव्या बाजूचे वजन. उजवीकडे पैसे पाठवण्याचे बटण १२० रुंद आणि ६० उंच, क्षेत्रफळ ७,२००, मध्यरेषेपासूनचे अंतर ११०, म्हणून वजन ७,९२,०००. वजनांतील फरकाला मोठ्या वजनाने भागले की ०.४८ येतात, ते १ मधून वजा केले की डावा-उजवा तोल ०.५२ मिळतो, जेथे १ म्हणजे पूर्ण तोल. वरच्या आणि खालच्या बाजूंसाठी हीच रीत वापरून दोन्हींची सरासरी घ्यावी.

आता या आकड्याच्या नादी लागून कोणी बटणाची उंची ६० वरून ११६ केली, तर उजवे वजन १५,३१,२०० होईल आणि तोल जवळजवळ १ भरेल. पण स्क्रीनवर शिल्लक आणि बटण या दोन सारख्याच मोठ्या पाट्या शेजारी शेजारी उभ्या राहतील, आणि आधी कशाकडे पाहायचे हे डोळ्याला कळणार नाही. सूत्राला फक्त क्षेत्रफळ कळते. रंगाची प्रखरता, अक्षरांचे वजन आणि मजकुराचे महत्त्व त्याच्या हिशेबात येत नाही. म्हणून यातील कोणतेही माप उद्दिष्ट म्हणून डिझायनरला देऊ नये.

गुंतागुंतीसाठी सर्वांत सोपी युक्ती चित्राच्या फाइलच्या आकाराची आहे. तिन्ही चित्रे एकाच मापात आणि एकाच दर्जावर जेपेग स्वरूपात जतन केली, की ज्या चित्रात बारीक तपशील आणि कडा अधिक असतील त्याची फाइल मोठी होते. हे माप ढोबळ आहे, पण एकाच मजकुराच्या आराखड्यांची तुलना करायला उपयोगी पडते.

रंगीतपणासाठी डेव्हिड हासलर आणि साबिने झ्युस्स्ट्रुंक यांनी २००३ मध्ये दिलेले सूत्र वापरावे. प्रत्येक बिंदूसाठी लाल वजा हिरवा हा एक फरक आणि लाल-हिरव्याची सरासरी वजा निळा हा दुसरा फरक काढायचा. दोन्ही फरकांच्या प्रमाण विचलनांच्या (आकडे सरासरीभोवती किती विखुरले आहेत ते सांगणाऱ्या मापांच्या) वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घ्यायचे आणि त्यात दोन्हींच्या सरासरींच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ ०.३ ने गुणून मिळवायचे. पायथॉन या संगणकभाषेत हे मोजक्या ओळींचे काम आहे. त्यांच्या मोजपट्टीवर १५ च्या आसपास किंचित रंगीत, ३३ मध्यम, ५९ बऱ्यापैकी रंगीत आणि ८२ अतिशय रंगीत असे टप्पे आहेत. ते छायाचित्रांवरून ठरलेले असल्याने स्क्रीनसाठी केवळ तुलनेपुरते वापरावेत.

उठावाचे माप मात्र सक्तीचे समजावे. वेबच्या सुलभतेच्या मानकांनुसार सामान्य अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्या तेजस्वितेचे गुणोत्तर किमान ४.५ आणि मोठ्या अक्षरांसाठी किमान ३ हवे. आपल्याकडे आवडता असलेला भगवा रंग (लाल २५५, हिरवा १५३, निळा ५१) पांढऱ्यावर अक्षरांसाठी वापरला तर हे गुणोत्तर सुमारे २.१ येते. म्हणजे तो पार्श्वभूमीला किंवा पट्टीला शोभेल, पण त्या रंगात हप्त्याची तारीख लिहिणे ज्येष्ठ सभासदांवर अन्याय करणारे आहे. जो आराखडा येथे अडतो तो दुरुस्त करूनच लोकांपुढे न्यावा.

चौथी पायरी: लोकांचा निवाडा

सहभागी निवडताना कार्यालयातील कर्मचारी आणि डिझायनरचे मित्र वगळावेत. कॅथरिना रायनेके आणि क्रिस्टोफ गायोस यांनी २०१४ मध्ये ४० हजारांच्या आसपास लोकांनी संकेतस्थळांना दिलेले सुमारे २४ लाख गुण तपासले, तेव्हा रंग आणि गुंतागुंत यांची आवड देश, वय आणि शिक्षण यांनुसार बदलताना दिसली. त्यामुळे पतसंस्थेचे सभासद ज्या प्रमाणात तरुण, वयस्क, पगारदार, शेतकरी, व्यापारी असतील, त्याच प्रमाणात सहभागी घ्यावेत. तीन आराखडे सहा वेगवेगळ्या क्रमांनी दाखवता येतात, आणि पहिल्या किंवा शेवटच्या स्थानाचा फायदा कोणालाही मिळू नये म्हणून प्रत्येक क्रम सारख्याच लोकांच्या वाट्याला यायला हवा. म्हणून संख्या सहाच्या पटीत ठेवावी. आपण ४२ घेऊ.

पहिली नोंद क्षणिक दर्शनाची. गिटे लिंडगार्ड आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवले, की अवघे ५० मिलिसेकंद पाहून संकेतस्थळाला दिलेले गुण ५०० मिलिसेकंद पाहून दिलेल्या गुणांशी चांगले जुळतात. सेकंदाला ६० चित्रे दाखवणाऱ्या स्क्रीनवर ५० मिलिसेकंद म्हणजे तीन चित्रचौकटी. इतकी अचूक वेळ साधणारे साधन हाताशी नसेल तर सरळ अर्धा सेकंद घ्यावा. दर्शनानंतर लगेच करड्या ठिपक्यांचे चित्र दाखवावे, म्हणजे डोळ्यात उरलेली प्रतिमा पुसली जाते, आणि मग एकच प्रश्न विचारावा: ‘हे किती आवडले?’ उत्तर १ ते ७ पर्यंत.

दुसरी नोंद सावकाश पाहून. सहभागी व्यक्तीने आराखडा अर्धा मिनिट तरी पाहावा आणि चार अंगांवर प्रत्येकी एका विधानाशी आपण कितपत सहमत आहोत ते १ ते ७ मध्ये सांगावे. विधाने बोलीतली असावीत: ‘स्क्रीनवरची मांडणी आटोपशीर आहे’, ‘पाहताना कंटाळा येत नाही’, ‘रंग एकमेकांना शोभतात’, ‘काम मन लावून केलेले दिसते’. प्रत्यक्ष मोजणीपूर्वी चार-पाच सभासदांना ही विधाने वाचायला देऊन त्यांचा अर्थ त्यांच्याच शब्दांत सांगायला लावावा. ‘आटोपशीर’ म्हणजे ‘माहिती कमी दिलेली’ असे कोणी सांगितले तर ते विधान बदलावे.

तिसरी नोंद जोडीच्या तुलनेची, आणि वेळ कमी असेल तर बाकी सोडून हीच करावी. ज्येष्ठ सभासदाला एक ते सात गुण देणे अवघड वाटते; ‘या दोहोंत कोणते चांगले दिसते?’ याचे उत्तर तो तत्काळ देतो. एल. एल. थर्स्टन यांनी १९२७ मध्ये या पद्धतीचा गणिती पाया घातला. तीन आराखड्यांच्या तीन जोड्या होतात, पाचांच्या दहा. कोणता आराखडा डावीकडे ठेवायचा हे दर वेळी चिठ्ठ्या टाकून ठरवावे. कारण विचारायचे ते निवड झाल्यावर, एका वाक्यात, आणि उत्तर जसेच्या तसे उतरवून घ्यावे.

प्रश्न विचारणाऱ्या व्यक्तीने डिझायनरशी नाते सांगू नये. आपल्याकडे समोरच्याचे मन दुखवायचे नाही या सौजन्यापोटी लोक सगळ्यालाच ‘छान आहे’ म्हणतात, आणि सर्व गुण ६-७ वर गोळा होतात. जोडीच्या तुलनेत ही अडचण उरत नाही, कारण तेथे एकाला नाकारावेच लागते.

पाचवी पायरी: हिशेब

सावकाश नोंदीचे गुण आधी प्रत्येक अंगाचे वेगळे मांडावेत. चारही विधाने मिळून एक एकत्रित गुण काढायचा असेल तर क्रोनबाखचा अल्फा, म्हणजे विधानांची उत्तरे एकमेकांशी कितपत जुळतात ते सांगणारा विश्वासार्हतेचा आकडा, तपासावा, तो ०.७ पेक्षा कमी असेल तर बेरीज करू नये, अंगे स्वतंत्रच ठेवावीत.

आराखड्यांची तुलना करताना प्रत्येक व्यक्तीने ख ला दिलेले गुण वजा क ला दिलेले गुण असा फरक काढावा, कारण काही लोक मुळातच सढळ हाताने गुण देतात आणि काही हात आखडता घेतात. समजा ४२ जणांच्या फरकांची सरासरी ०.६ आणि प्रमाण विचलन ०.९ आले. ०.९ ला ४२ च्या वर्गमुळाने भागले की सुमारे ०.१४ मिळतात, त्याला २.०२ ने (४२ जणांसाठी ९५ टक्के विश्वासाचा ठरलेला गुणक) गुणले की ०.२८. म्हणजे खरा फरक ०.३२ ते ०.८८ च्या दरम्यान असावा, असे ९५ टक्के विश्वासाने म्हणता येते. हा पल्ला शून्याला स्पर्श करत असता तर दोन्ही आराखडे सारखेच समजावे लागले असते. अनिश्चितता निम्मी करायची तर माणसे चौपट लागतात, हेही व्यवस्थापनाला आधीच सांगून ठेवावे.

जोडीच्या तुलनेत ४२ पैकी निदान २८ जणांनी एक बाजू घेतली तरच तो कल योगायोगापलीकडचा मानावा. तीन जोड्या एकदम तपासत असल्याने मी ३० ची अट घालतो. कधी क पेक्षा ख, ख पेक्षा ग आणि ग पेक्षा क असे चक्र निघते. तेव्हा लोक एकाच निकषावर निवडत नसतात, आणि त्यांनी दिलेली कारणे वाचल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

केवळ सरासरीवर थांबू नये. सरासरी ४ आली म्हणजे सगळ्यांना बेताचेच आवडले असेल, किंवा निम्म्यांनी ६ आणि निम्म्यांनी २ दिले असतील. गुणांचा आलेख काढून तो वयोगटानुसार पाहिला की हा भेद लगेच दिसतो, आणि दुसऱ्या स्थितीत उपाय वेगळा असतो: एकच मधला आराखडा शोधत बसण्यापेक्षा मोठ्या अक्षरांचा पर्याय वेगळा देता येतो.

सहावी पायरी: दोन्ही प्रकारचे आकडे शेजारी ठेवा

रायनेके आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये रंगीतपणा आणि गुंतागुंत यांच्या मापांना पाहणाऱ्यांचे वय, शिक्षण अशा माहितीची जोड देऊन बांधलेल्या प्रारूपातून लोकांच्या पहिल्या पसंतीतील जवळजवळ निम्मा फरक उलगडला होता. उरलेला निम्मा फरक आकड्यांच्या बाहेर राहिला, हे ध्यानात ठेवून अर्थ लावावा. ग आराखड्याचा रंगीतपणा सर्वांत अधिक आणि त्याच्याच रंगसंगतीला सर्वांत कमी गुण, असे दिसले तर डिझायनरला नेमका धागा मिळतो. तोल ०.५२ असलेल्या क ला साधेपणात सर्वाधिक गुण मिळाले तर माणसांचे ऐकावे आणि तोलाचा आकडा बाजूला ठेवावा.

आराखडे तीनच असल्याने आकडे आणि गुण यांचा सहसंबंध काढण्याचा मोह टाळावा. तीन बिंदूंतून कोणतीही रेषा ओढता येते. तसा संबंध शोधायचा असेल तर त्याच मजकुराची निदान २०-२५ रूपे करून एकेक घटक हळूहळू बदलावा लागतो.

अहवालात विजेत्याचे नाव, फरकाचा पल्ला, सहभागींची घडण, आधी लिहून ठेवलेले निकष आणि लोकांनी स्वतःच्या शब्दांत दिलेली कारणे हे सारे द्यावे. चारही अंगांचा मिळून एकच ‘सौंदर्यगुणांक’ मागितला गेला तर तो एकटा देऊ नये. अंगांचे गुण वेगळे दिसले तरच पुढची दुरुस्ती कोठे करायची ते कळते. ॲप सुरू झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी त्याच चार विधानांवर नव्या सहभागींचे गुण घ्यावेत. नावीन्याचा भर तोवर ओसरलेला असतो. वैविध्याचे गुण घसरले आणि साधेपणा व कारागिरी टिकून राहिली, तर निवडलेल्या आराखड्याला हात लावण्याची गरज नाही.